चार फूट माती

तान्ह्या पोळ्याची रात्र. पोरांचे लाकडी बैल
घरोघरी खाटेखाली बांधलेले.
आणि ही, सोनेगाव तलावाकडून,
रस्ता, नाली, आमच्या फाटकाखालची वीतभर फट
कशी ओलांडली कोण जाणे,
हौदामागच्या मातीत
मागच्या पायांनी भोक पाडत बसलेली.
मी लघवीला उठलो होतो.
टॉर्च लावला, लगेच विझवला.
बाळंत होणाऱ्या बाईवर
उजेड मारत नाहीत, एवढं कळतं.

सकाळी एजाजभाई गट्टू घेऊन हजर.
एक ट्रॉली चुरी, दोन माणसं, दोरी.
अंगणातला चिखल यंदा कायमचा संपवायचा
असं आमचं ठरलेलं.
मी म्हटलं, एवढी जागा सोड.
"कासव तं गेलं ना भाऊ?"
गेलं. म्हणूनच.

वनखात्याला फोन केला.
पलीकडच्या पोराने विचारलं, चावलं का?
नाही.
मग राहू द्या, काका.

शेजारचे पाटणकर हळदकुंकू घेऊन आले,
दारी विष्णू आला म्हणाले.
त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मग पंचफुला बावणे आली, जिच्या घरचे
तीन पिढ्या त्या तलावात जाळं टाकतात.
उकिडवी बसली, माती नुसती हुंगली.
"हात नोको लावू.
अंडं फिरलं का आतला जीव बुडते.
पाणी नोको टाकू. उकरून नोको पाहू.
आन् वाट त नोकोच पाहू,
वाट पाहणारा माणूस उकरते."

बत्तीस वर्षं मी लाइनमन होतो.
बिघाड दिसला की चढायचं.
खाली नुसतं उभं राहणं
मला कधी जमलं नाही.

तरी एक केलं. मुंगूस आणि गल्लीतलं लंगडं कुत्रं,
दोघांचा विचार करून
कूलरची एक जाळी काढली, जुना खस झटकला,
मातीवर पालथी घातली,
चार कोपऱ्यांवर चार गट्टू.
एजाजभाईने बिलातून चार फूट वजा केले
आणि चार गट्टूंचे लावले.

थंडीत तिथेच खुर्ची टाकून बसायचो.
पेपर हातात, लक्ष जाळीत.
इंदू एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली,
"माझ्या बाळंतपणात इतके बसले नव्हते."
खरं आहे. तेव्हा वादळात तारा तुटलेल्या,
मी उमरेडकडच्या खांबावर.
पोरगी पाहिली ती चौथ्या दिवशी.
तिच्या कानाला तेल लावत होते,
मला वाटलं, कुणा दुसऱ्याचीच आहे.
काय बोलणार. पेपर उलटा केला.

एप्रिलात कूलर खिडकीत बसवला.
एका बाजूने उघडा, गरम वारा ओढत
नुसताच गुरगुरला.
सीताबर्डीत जाळी मिळते, उद्या आणतो, म्हटलं,
आणि ते उद्यावरच राहिलं.
चौथ्या दिवशी दुपारी पाहिलं तर
त्या उघड्या बाजूला इंदूने
ओलं पोतं टांगलेलं. बोलली काहीच नाही.
कूलरचं गळतं पाणी मातीकडे जात होतं,
त्याला नळी जोडून दुसरीकडे वळवलं.
हेही करायचं नव्हतं का, पंचफुलाला विचारलं.
ती हसली. "हे चालते."
जाता जाता एका बाजूचे गट्टू काढायला लावले,
दोन बोटं फट राहील इतकी जाळी उचलून.

जूनच्या शेवटी एका पहाटे
मातीत खळगा. बाहेर पांढरे, मऊ, चुरगळलेले तुकडे.
एकच पिल्लू दिसलं मला.
बाकीची रात्री गेली असतील,
किंवा नसतील. उकरलं नाही.
जुन्या रुपयाहून थोडं मोठं,
गट्टूंच्या फटीत पाय अडकवत
फाटकाकडे निघालेलं, तलाव कुठे आहे
हे कुणालाही न विचारता.

उचलावंसं वाटलं.
हात बनियनला पुसला, मागे घेतला.

रस्त्यावरून दूधवाल्याची मोटारसायकल येत होती,
कॅन वाजत.
मी अनवाणी मधोमध जाऊन उभा राहिलो,
एक हात वर,
जसा खाली उभा असलेला माणूस
खांबावरच्याला खूण करतो:
लाइन बंद आहे.
तू कर तुझं काम.